आर्व्हेल टॅकेटच्या हातचा जोड

आर्व्हेल टॅकेट गाडीचं तोंड कधी बघत नसे. बाकीचे लोक बाजारातल्या बैलाभोवती फिरावं तसे गाडीभोवती फिरायचे, रंगावरनं तळवा ओढायचे, इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलवायचे. आर्व्हेल यायचा, टोपी काढून शिटावर ठेवायचा, जमिनीवर पुठ्ठा टाकायचा आणि पाठीवर सरपटत गाडीखाली शिरायचा. मग बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत. आम्हा ऑइलडेलच्या लोकांना त्याच्या बुटांशी बोलायची सवय होऊन गेली होती.

बाहेर आला की कपडे न झटकताच सांगायला लागायचा. हा एक्सल अमक्याच्या गाडीचा. ही पेट्रोलची टाकी मूळची ट्रॅक्टरची. हे स्टेअरिंग बॉक्स टाफ्टच्या मोडीवाल्याकडून पंचावन्न साली गेलेलं.

"ह्या एक्सलाला भोकं ओर्लिननं पाडल्याली," असं एकदा त्यानं भर मैदानात सांगितलं होतं. "त्येला मोजता येत न्हवतं. डावीकडं नऊ हायती आन् उजवीकडं धा."

मालकानं वाकून मोजलं. खरंच निघालं. वजन कमी व्हावं म्हणून भोकं पाडायची आमच्याकडं तेव्हा खोडच होती, पण कुणाची भोकं कुठली हे सांगणारा हा एकच.

असल्या गाड्या म्हणजे गोधडीच. अंग बत्तीस सालच्या फोर्डचं, इंजिन मर्क्युरीचं, चाकं तिसरीकडची, शीट जुन्या बॉम्बफेकी विमानातलं. छप्पर उडवलेलं, मडगार्ड काढून टाकलेले, आणि सगळा जोर वेगावर. गाडी उलटली, मोडली, कंटाळा आला, की तिचे भाग सुटायचे आणि दुसऱ्या गाडीत जाऊन बसायचे. साठ वर्षांत एखादा दांडा दहा गाड्या फिरून येतो. म्हणून आता ज्यांच्याकडं पैसा आहे आणि वेळही आहे, ते अशी गाडी घेतात आणि विचारत सुटतात, हिच्यातलं काय कुठून आलं? मग कुणीतरी सांगतं, ऑइलडेलला टॅकेट म्हणून म्हातारा आहे, त्याच्याकडं जा, तो लोखंडाची कुंडली मांडतो.

आम्हाला वाटायचं, हा त्याचा छंद. छंद बिंद काही नव्हता. गडी त्रेपन्न वर्षं एकच वस्तू शोधत होता, आणि ती सापडू नये असंही त्याला वाटत होतं. आता सगळं मार्गी लागलंय, म्हणून हे सांगायला हरकत नाही. मला हे मागच्या गल्लीतल्या लव्हाडानं सांगितलं, आणि लव्हाडा कधी काही वाढवून सांगत नाही. कमी करून मात्र सांगते.

आर्व्हेलचा बाप तीसच्या दशकातल्या धुळीच्या दुष्काळात ओक्लाहोमातनं इकडं आला, मोटारीच्या टपावर गादी आणि गादीवर कोंबड्यांचं खुराडं बांधून. आर्व्हेल कालव्याकाठच्या तंबूत दोन वर्षांचा झाला. कापूस वेचला, शाळा अर्धी सोडली, सोळाव्या वर्षी चुलत्याच्या हाताखाली तेलाच्या नळ्या जोडायला लागला. डावखुरा. वेल्डिंग करताना गडी सगळे डावीकडून उजवीकडं जातात की उजवीकडून डावीकडं, ते त्यांच्या हातावर असतं. लोखंड वितळून गोठताना त्याच्यावर माशाच्या अंगासारखे खवले पडतात. आर्व्हेलचे खवले उलट्या बाजूला झोपायचे. चुलता म्हणायचा, तुझा जोड आंधळा पण वळखंल. जोड घासून गुळगुळीत करायची पद्धत होती, आर्व्हेल ती करत नसे. म्हणे, जोड दिसू दे की, लाजायचं काय त्यात?

एकदा लग्न झालं. सहा वर्षांनी बायको निघून गेली. जाताना शेजारणीला म्हणाली, माणूस चांगला हाय, पण सदानकदा गाडीखालीच. मला त्येचं त्वांड आठवंना झालंय.

डॉयल प्रुएट हा त्याचा दोस्त. लव्हाडा ही डॉयलची धाकटी बहीण. डॉयल देखणा, बडबड्या, उतावळा. पोरांनी मिळून 'डस्टर्स' नावाचा क्लब काढला होता, म्हणजे धुरळा उडवणारे. रविवारी मोहावेच्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर जायचं आणि गाडी पळवायची. तळं म्हणजे पाणी नाही, मैलोन्मैल सपाट, भाजून कडक झालेली माती.

छप्पन्न सालच्या मे महिन्यातला शनिवार. डॉयलनं वजन मागं जावं म्हणून इंजिन मागं सरकवलं. इंजिनाला जागा व्हावी म्हणून स्टेअरिंगचं बॉक्स पुढं सरकलं. बॉक्स पुढं सरकलं म्हणून बॉक्सापासून पुढच्या चाकापर्यंत जाणारा लांब दांडा चार इंच जास्त व्हायला लागला. तो दांडा पोकळ नळीचा असतो. डॉयल तो घेऊन आर्व्हेलच्या शेडमध्ये आला. उद्याच्या उद्या पाहिजे म्हणाला.

स्टेअरिंगच्या दांड्याला जोड देऊ नये, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं, आणि तेव्हा सगळेच देत होते. फक्त नीट द्यायची एक रीत होती. नळी कापायची, मधला तुकडा काढायचा, आणि दोन्ही टोकांच्या आत एक भरीव गज घालायचा, दोन्हीकडं दोन-दोन इंच. जोडाच्या अलीकडं पलीकडं नळीला एकेक भोक पाडायचं आणि ती भोकं वितळलेल्या लोखंडानं भरून गज नळीला डाखायचा. मग मधली शिवण. असा जोड तुटत नाही. गज घातला नाही तर नुसत्या शिवणीवर भार येतो, आणि शिवण कधी दगा देईल त्याचा नेम नसतो.

दुसऱ्या दिवशी ताशी सव्वाशे मैलांवर डॉयलची गाडी तळ्याच्या कडेला तिरपी झाली आणि चार कोलांट्या खाऊन थांबली. डॉयल जागीच गेला. गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, स्टेअरिंग तुटलं. आवाज कुणाचा हे आर्व्हेलनं पाहिलं नाही. तो तिथनं निघाला आणि मिळेल त्या गाडीतनं घरी आला.

सोमवारी शेड उघडलं तर टेबलावर गजाचा एक तुकडा पडलेला. चार इंची. कडा घासलेल्या.

आता आठवायचं म्हटलं तर आर्व्हेलला हे आठवायचं: नळीला भोकं पाडली. गज कापला. मग डॉयल टायरला लाथ मारून म्हणाला, आटप की लेका, म्हातारा झालास व्हय. आणि त्याच्या पुढं आठवायचं ते एकदम काळा रंग मारताना. मधलं काही नाही. गज आत घातला का? टेबलावरचा गज मग कुठला?

डस्टर्स क्लबात एक रिवाज होता. मेलेल्या गड्याची गाडी मोडीत घालायची नाही. पुढच्या शनिवारी सगळ्यांनी जमायचं, गाडी खोलायची, प्रत्येकानं एकेक भाग न्यायचा, आपल्या गाडीत बसवायचा आणि एकदा तरी तळ्यावर पळवायचा. म्हणजे तो गडी पळत राहतो. वेंडेल स्ट्रोड नावाच्या दोस्ताच्या गोठ्यात डॉयलची गाडी खोलली. आर्व्हेल गेला नाही. क्लबही सोडला, गाडी विकली. तळ्याकडं पुन्हा फिरकला नाही. आणि वर्षभरानं कुठंतरी जुन्या गाड्यांचा बाजार भरला तेव्हा पहिल्यांदा पुठ्ठा टाकून एका गाडीखाली शिरला.

डॉयलला सवय होती, आपल्या प्रत्येक भागावर तो पोगराचं टोक हातोडीनं ठोकून तीन ठिपके मारायचा, त्रिकोणात. पन्नास वर्षांत आर्व्हेलनं तीन ठिपक्यांची टाकी बघितली, जाळी बघितली, मागचा एक्सल बघितला. मालकांना सांगितलं, हे प्रुएटच्या गाडीतलं. दांडा काही दिसला नाही.

या सगळ्या वर्षांत लव्हाडाच्या अंगणातलं गवत आर्व्हेल कापायचा. तिचं घर त्याच्या घरामागच्याच गल्लीत. छपरावरचा कूलर बंद पडला की दुरुस्त करायचा. तिचा नवरा क्रेन जिवंत होता तेव्हाही करायचा, मेल्यावरही करत राहिला. क्रेन बाहेर येऊन खुर्ची टाकून बसायचा आणि राहिलेलं गवत काठीनं दाखवायचा. लोक आर्व्हेलच्या पाठीमागं काहीबाही बोलायचे. बोलू देत म्हणायचा.

दोन हजार नऊच्या सप्टेंबरात रुबेन एस्किबेल म्हणून डेलानोचा एक मास्तर आला. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, इस्त्रीचा शर्ट, खिशात चार रंगांची पेनं. नेवाडातल्या कुणाच्या तरी गोठ्यातनं त्यानं बत्तीसची रोडस्टर उचलली होती. गाडी मागच्या ट्रेलरवर, आणि हातात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. एका भागाला एक कार्ड, सगळा इतिहास लिहायचा, आणि गाडी प्रदर्शनात मांडायची, असा त्याचा बेत. आर्व्हेल त्याला म्हणाला, एवढी कार्डं पुरायची न्हाईत. मास्तर म्हणाला, गाडीत आणखी एक डबा आहे.

गाडी शेडमध्ये ढकलली. आर्व्हेल खाली शिरला. सांगत गेला, मास्तर लिहीत गेला. गिअरबॉक्स एकोणचाळीसचा. ब्रेक दुसऱ्या मोटारीचे. हे वेल्डिंग कुणा शिकाऊ पोराचं, नाव लिहू नको, त्याची नातवंडं इथंच राहतात. तासभर असं चाललं.

मग खालचा आवाज थांबला. मास्तर पेन धरून वाट बघत बसला. त्याला वाटलं म्हातारा झोपला.

"मिस्टर टॅकेट?"

बूट हलले नाहीत.

"मिस्टर टॅकेट, बरे आहात ना?"

"गाडी ठिवून जा," आर्व्हेल खालून म्हणाला. "शनवारी ये."

स्टेअरिंगच्या लांब दांड्यावर, चाकाकडच्या टोकाला, रंगाच्या थरातनंही तीन ठिपक्यांचे खळगे दिसत होते. त्रिकोणात.

दांडा अखंड होता. पण त्यानं काय होतंय? तुटलेला दांडा पुन्हा जोडून रंग फासायला कितीसा वेळ लागतो? नळीच्या मध्यावर जोडाचा फुगवटा बोटाला लागत होता. वरती काळा रंग, एवढा जाड की खालचं काही दिसेना. प्रश्न एकच होता. आतला जोड आर्व्हेलचा, की तुटल्यावर दुसऱ्या कुणी दिलेला? रंग खरवडला की पाच मिनिटांत उत्तर.

पाच मिनिटांच्या त्या कामाला त्यानं तीन दिवस हात लावला नाही. मंगळवारी शेड झाडलं. बुधवारी सगळे पाने तेलात धुतले. गुरुवारी शेजारी माझ्याकडं आला आणि विचारायला लागला, तुमच्या पंपाचं काय रडगाणं हाय, मी बघू का? आमच्या पंपाचं काहीच रडगाणं नव्हतं. तरी त्यानं खोलला. दोन तास खपला आणि होता तसाच जोडून दिला.

शुक्रवारी सकाळी लव्हाडा त्याच्याकडं आली. बाई बहात्तर वर्षांची, गाजराच्या कारखान्यात चाळीस वर्षं उभ्यानं काम केलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिच्या हातात शिळ्या मक्याच्या पावाचा डबा होता, त्याच्या कुत्र्यासाठी. गाडी बघितली. तिला गाड्यांत काडीचा रस नव्हता, पण भावाबरोबर वाढलेली, त्यामुळं सवयीनं वाकून चाकाशी बघितलं.

"ह्यी आमच्या डॉयलची खूण न्हवं?"

"व्हय."

"आन् तू मला ह्ये कवा सांगणार हुतास?"

आर्व्हेलनं सगळं सांगितलं, पहिल्यापासनं. दांडा, चार इंच, गज, डॉयलची लाथ, गर्दीतला आवाज, सोमवारी टेबलावर पडलेला तुकडा. आपण डॉयलला मारलं की नाही, हे आपल्याला ठाऊक नाही, असं म्हणाला. लव्हाडा सांगते, इतकं सलग बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. तिच्याकडं न बघता बोलत होता, गाडीच्या चाकाला सांगावं तसं.

लव्हाडानं बादली उलटी केली आणि तिच्यावर बसली. म्हणाली, "म्हंजी पन्नास वरसं माझं गवत कापतुयास, त्ये ह्यापायी?"

"थोडं ह्यापायी."

"आन् बाकीचं?"

"तुझ्या यंत्राचं पातं बोथट हाय. तुला जमत न्हाई."

"क्रेनला वाटायचं तुझा माझ्यावर डोळा हाय."

"म्हाईत हाय मला. त्यो खुर्ची टाकून बसायचा न्हवं का."

ती हसली नाही. दांड्याकडं बोट केलं आणि म्हणाली, खरवड.

"उलटं निघालं तर?"

"निघंल तर निघंल. मला बी बघायचंय. त्यो माझा भाऊ हुता, आर्व्हेल. तुझ्या एकट्याचा न्हवता त्यो."

आर्व्हेलनं दांडा सोडवून काढला. दोन नट, दोन पिना. टेबलाच्या शिकंज्यात धरला. रंग काढायचं औषध लावलं, तर रंगाला फोड आले. पहिल्यांदा काळा निघाला. खाली लाल, कुणा हौशीचा. लालच्या खाली करडा. मग पातं लव्हाडानं घेतलं. गाजरं सोलणारी बाई, तिला काय. एकेक साल काढत गेली. करड्याच्या खाली पुन्हा काळा, पातळ, जुना. त्यानं मारलेला.

मग लोखंड दिसलं.

आर्व्हेलनं चष्मा पुसला. शर्टाला ग्रीस होतं, म्हणून चष्मा आणखीच बरबटला. लव्हाडानं तो काढून घेतला, आपल्या झग्याला पुसून परत त्याच्या नाकावर ठेवला.

खवले उलटे झोपलेले होते. एकावर एक, नीट, सगळा वेढा पूर्ण. मध्ये कुठं खंड नाही, दुसऱ्याच्या हाताचा एक थेंब नाही. आणि जोडाच्या अलीकडं एक, पलीकडं एक, कुंकवाच्या टिकलीएवढे डाखाचे दोन गोल ठिपके.

"ह्ये काय?" लव्हाडा.

"गज," आर्व्हेल म्हणाला. "आत गज हाय."

"मग टेबलावरचा?"

"न्हाई ठावं."

"दोन कापलं असशील. पयला ढिला झाला असंल. तू हायसच तसला, बटाटं बी दोनदा सोलतूस."

आर्व्हेल दांड्यावरनं बोट फिरवत चालला होता. जोडापासून दोन वितींवर बोट थांबलं. तिथं नळीवर हातोडीचे बारीक चपटे डाग होते, आणि नजर लावून बघितलं तर दांडा तिथं केसभर वाकडा होता.

त्यानं तिला दाखवलं. दांडा वाकला होता, मग कुणीतरी ठोकून सरळ केला. गाडी कोलांटी खाते तेव्हा चाकाला मार बसतो आणि दांडा जिथं कमजोर असेल तिथं मान टाकतो. जोडापाशी तो वाकला नव्हता. नळी वाकली, जोड जागचा हलला नाही. म्हणजे गाडी उलटी होईस्तोवर दांडा चाकाला धरून होता.

"म्हंजी तुझ्यानं झालं न्हाई," लव्हाडा म्हणाली.

"न्हाई झालं."

आणि त्याला उचकी लागली. साधीसुधी नव्हे, सगळं अंग उडवणारी. पाणी प्याला, श्वास कोंडला, लव्हाडानं पाठीत दणके घातले. तासभर उचकी काही थांबेना. तशा उचकीतच त्यानं टाफ्टला म्हाताऱ्यांच्या आश्रमात वेंडेल स्ट्रोडला फोन लावला. डस्टर्सपैकी जिवंत राहिलेला तेवढाच. कानानं जड, त्यामुळं तो बोलतो ते फोन टेबलावर ठेवला तरी गल्लीभर ऐकू येतं.

आर्व्हेलनं विचारलं, डॉयलच्या गाडीतला स्टेअरिंगचा दांडा आठवतो का?

"न आठवायला काय झालं? मीच सरळ केला त्यो ऐरणीवर. वाकला हुता."

तुटला नव्हता?

"आरं, तुटंल कसा? चाक रुतलं. आदल्या हप्त्यात पाऊस झालता, तळ्याची कड वरनं वाळली हुती, खाली चिखल. डॉयल येडा कडंला गेला. पुढचं चाक निम्मं आत. आम्ही जाऊन बघितला न्हवं का खड्डा. समद्यास्नी ठावं हुतं."

आर्व्हेलनं विचारलं, मग मला कुणी सांगितलं कसं नाही?

"तू इचारलंस कवा?" वेंडेल म्हणाला. "तू वाटणीला बी आला न्हाईस. त्यो दांडा तुझ्यासाठनं बाजूला ठिवल्याला. जोड तुझा, म्हणून वाटा तुझा, आसं ठरलं हुतं. सांजपातूर वाट बघितली. मग म्हणलं, ह्येला शिष्टपणा आलाय, आन् मीच नेला. तुला उचकी लागल्या व्हय?"

व्हय, आर्व्हेल म्हणाला.

"साखर खा," वेंडेल म्हणाला आणि फोन ठेवला.

वाटणीच्या त्या शनिवारी आर्व्हेल दोन मैल चालून वेंडेलच्या गोठ्यापर्यंत गेला असता तर दांडा त्याच्या हातात पडला असता, वाकलेला, अखंड. सगळ्यांच्या गाड्यांखाली शिरून बघणाऱ्याला बघायचं ते त्या एका गोठ्यात होतं. हे लव्हाडानं त्याला बोलून दाखवलं. दोनदा दाखवलं. तिला राग आला होता. त्रेपन्न वर्षं उगीच ओझं वाहिलं याचा आला, आणि ओझं वाहताना तिला एका शब्दानं विचारलं नाही याचा त्याहून जास्त आला. ती म्हणाली, मला इचारलं असतंस तरी सांगितलं असतं, आमच्या बापानं बघितला हुता की त्यो खड्डा. आर्व्हेल सगळं ऐकून घेत राहिला. त्याला शिव्यासुद्धा गोड लागत असाव्यात. मध्येच उचकी थांबली ती दोघांच्याही ध्यानात आली नाही.

लव्हाडा गेल्यावर त्यानं दांडा शिकंज्यातनं काढला, तेल लावून पुसला आणि तसाच, रंग न देता, परत गाडीत बसवला. मग घरात जाऊन भरदुपारी झोपला. संध्याकाळी मी बोलवायला गेलो तर दार उघडं, पंखा चालू, आणि गडी बूट न काढता असा घोरतोय की कुत्रं अंगणात जाऊन बसलेलं.

शनिवारी रुबेन मास्तर आला. आर्व्हेलनं त्याला सांगितलं, ह्यो दांडा बदलावा लागंल. लोखंड थकतं, जोड कितीबी चांगला असला तरी साठ वर्षांच्या नळीवर हायवेला जायचं न्हाई. मी तुला बिनजोडाचा नवा करून देतो. मास्तरनं विचारलं, मग हा जुना कुणाचा? लव्हाडा तिथंच होती. तिनं मास्तरला क्लबाचा रिवाज सांगितला, आणि हा दांडा कुणाच्या वाट्याचा होता तेही सांगितलं.

मास्तर वहीवर कार्ड धरून ऐकत होता. रिवाज नीट कळावा म्हणून त्यानं पुन्हा विचारलं, भाग नेला की गाडीत बसवून एकदा पळवायचा, असंच ना?

"तळ्यावर," आर्व्हेल म्हणाला. "पर माझ्याकडं तसली गाडी न्हाई. आन् तळ्यावर मी जात न्हाई."

"गाडी ही आहे," मास्तर म्हणाला. "तळं नको. नदीकाठचा रस्ता चालेल?"

आर्व्हेल म्हणाला, आज न्हाई. मग म्हणाला, माझं लायसन घरात हाय. लव्हाडा म्हणाली, घर धा पावलांवर हाय. तो लायसन घेऊन आला. येताना तोंड धुऊन, केसांना पाणी लावून आला होता.

तोवर मास्तरनं कार्ड पुढं केलं. स्टेअरिंगचा लांब दांडा, मूळ गाडी डॉयल प्रुएट, ऑइलडेल. त्यापुढं काय लिहू?

"मधला जोड आर्व्हेल टॅकेटचा," आर्व्हेल म्हणाला. "मे छप्पन्न."

आणि? मास्तरनं विचारलं.

"आन् काय? येवढंच."

मी तेव्हा माझ्या फाटकाशी उभा होतो. शेडमधनं आधी आवाज आला, मग धूर, मग गाडी. आर्व्हेल स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून, मान ताठ, जसं काही कुणी फोटो काढतंय. शेजारी लव्हाडा, डोक्याला रुमाल बांधलेला, एका हातानं दार धरलेलं. मास्तर मागं रस्त्यात उभा, पेनं खिशात, गाडी आपली आहे हे विसरल्यासारखा.

तासाला वीस मैल असेल नसेल. माझ्यासमोरनं जाताना लव्हाडाचा आवाज ऐकू आला.

"गोगलगाय हाकतुयास व्हय? दाब की जरा."

"लोखंड जुनं हाय."

"जोड तुझाच हाय न्हवं? मग?"

आर्व्हेलनं दाबलं. फार नाही. इंजिन गुरगुरलं, लव्हाडाच्या रुमालाचं टोक उडालं. रस्ता पुढं तेलाच्या टाक्यांपाशी डावीकडं वळतो, नदीकडं. तिथं त्यानं वेग कमी केला नाही. मी बघत होतो. स्टेअरिंग डावीकडं फिरलं, आणि गाडी डावीकडं वळली.